विमान-बिघाडांचे सिम्युलेटर-शिक्षण

विमानातील बिघाड आणि त्यांचे उड्डाणावर होणारे परिणाम वैमानिकी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सिम्युलेटरवर शिकवण्याची पद्धत. वैमानिक सिम्युलेटरवर संकटातून बाहेर पडायला शिकतो. विद्यार्थी तेच संकट मुद्दाम घडवतो आणि आधी गणिताने काढलेले उत्तर मिळालेल्या नोंदींशी ताडून पाहतो. त्यासाठी हलणारा महागडा कॉकपिट लागत नाही. ‘जेएसबीसिम’ या मुक्तस्रोत प्रणालीत विमानाचे वजन, इंजिने, वायुगतिकीय गुणांक साध्या फायलींत असतात व हवे तसे बदलता येतात.

१९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-१० विमानाच्या शेपटीकडील इंजिनातील पंख्याची चकती फुटली आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाल्या. उरलेल्या दोन इंजिनांचा रेटा कमीजास्त करत वैमानिकांनी विमान आयोवातील सू सिटीला आणले. २९६ पैकी १८४ जण वाचले. या उड्डाणाइतका समृद्ध पाठ क्वचितच सापडतो. अशा विमानाचे नाक खाली गेले की वेग वाढतो, वेगाने पंखांची उचल वाढते, नाक वर येते आणि वेग पुन्हा घटतो. ‘फ्यूगॉइड’ नावाचे हे आंदोलन पुस्तकात समीकरणाच्या मुळांची एक जोडी असते. ते केवळ रेट्याने आवरताना, इंजिनाचा प्रतिसाद किती उशिरा येतो हे हाताला कळते. संगणकाने इंजिनांचा रेटा सांभाळला तर ते जमते, हे नासाने १९९५ मध्ये एमडी-११ विमान तसे उतरवून दाखवले.

मुंबईची दुर्घटना वेगळ्या जातीची. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ वांद्र्याजवळ समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनसमोरचा स्थितिदर्शक, म्हणजे विमानाचा कल दाखवणारे उपकरण, बिघडला होता; विमान उडण्याजोगे होते. अशा प्रात्यक्षिकात गतिकीला हात लागत नाही. एका दर्शकाचे वाचन गोठवायचे आणि दुसऱ्या दर्शकाशी तफावत कोणत्या क्षणी दिसते ते मोजायचे.

मर्यादा विदेची असते. स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल ढासळण्याच्या, पलीकडची चाचणी-उड्डाणे थोडी, त्यामुळे तिथले आकडेही विरळ. गुणांकांचा तक्ता संपला की जेएसबीसिम शेवटचाच आकडा पुढे वापरते. पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच खरे भासते. म्हणून विमान तक्त्याबाहेर गेल्याची सूचना देणारी ओळ विद्यार्थ्याकडूनच लिहून घेणे हे चांगल्या प्रात्यक्षिकाचे आवश्यक अंग होय.