वर्गणी आणि पावती

गावात देवळाच्या जीर्णोद्धारासाठी वर्गणी निघाली, की देणारा आधी विचारतो, "पावती कुठं आहे?" काम उरकल्यावर चार माणसांत हिशेब वाचला गेला नाही, तर पुढच्या खेपेला त्याचा हात काही खिशाकडे जात नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला अशी पावती हाती यायला मात्र फार वर्षं लागली.

आपल्याकडच्या कामगार चळवळीचे आद्य पुढारी नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनपुढं ठेवला. १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली आणि गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. एवढं मोठं काम झालं. पण लोखंड्यांच्या मिलहँड्स असोसिएशनला ना सभासदांची यादी होती, ना फंड, ना नियम. पुढं एका सरकारी अहवालानंही तसं नमूद केलं. १८९७ साली लोखंडे वारले आणि ती संस्थाही मागं पडली.

यावरून काहीजण लोखंड्यांना कमी लेखतात. मला ते पटत नाही. त्या काळचा कामगार रत्नागिरी-साताऱ्याकडून यायचा, पेरणीला गावी परतायचा. त्याला कामावर घेणारा आणि काढणारा जॉबर. गंमत अशी, की तो कामगार 'वर्गणी' भरतच होता! ती जॉबरला. तिला दस्तुरी म्हणत. तिची पावती नव्हती आणि हिशेब विचारायची तर सोयच नव्हती. आधीच असा पिळलेला माणूस संघटनेला आणखी पैसा कुठून देणार?

शिवाय कायद्याचा आधारही नव्हता. १९१८ साली मद्रासमध्ये बी. पी. वाडिया यांच्या पुढाकारानं मद्रास लेबर युनियन निघाली. तिथल्या गिरणीचे चालक कोर्टात गेले आणि कोर्टानं पुढाऱ्यांना मनाईहुकूम बजावला. कामगारांना संपावर नेलं म्हणून पुढाऱ्यांवरच नुकसानभरपाईचा दावा! हे पाहून ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात युनियनच्या कायद्याची मागणी केली. हे जोशी कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे.

त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला. सात जणांनी अर्ज केला, की युनियनची नोंदणी होऊ लागली. पण माझ्या मते त्या कायद्यातलं मोठं कलम वेगळंच होतं. युनियनच्या हिशेबाच्या वह्या आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क त्यानं सभासदाला दिला. युनियनचा पैसा कोणत्या कामी खर्चावा, हेही ठरवून दिलं. राजकारणासाठी फंड हवा असेल तर तो निराळा ठेवायचा आणि त्यात पैसे घालण्याची सक्ती कुणावर करायची नाही. दस्तुरीत आणि वर्गणीत फरक पडला तो इथं.

१९२८ चा मुंबईचा मोठा संप एप्रिल ते ऑक्टोबर चालला. त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. सुरुवातीला सभासद ३२४. डिसेंबरपर्यंत आकडा सुमारे ५४ हजारांवर गेला, असं युनियननं सांगितलं. गिरणीगिरणीत समित्या झाल्या, त्या वर्गणी जमवीत आणि तक्रारीही ऐकत. १९२९ चा संप फसल्यावर मात्र हे सभासद आले तसे पांगले. भरती जितकी झपाट्यानं, तितकीच ओहोटी.

पुढं १९६० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वर्गणी महिन्याला निदान २५ नवे पैसे असावी असं ठरलं. आणि १९८२ मध्ये वेतन अधिनियमात बदल होऊन युनियनची वर्गणी पगारातून परस्पर कापून घेण्याची वाट मोकळी झाली. युनियनची पायपीट वाचली खरी, पण वर्गणी मागायला आलेल्या माणसाला थांबवून "आमच्या तक्रारीचं काय झालं हो?" असं विचारायची संधीही तेवढी कमी झाली. अर्थात, कामगाराच्या लेखी संमतीवाचून ही कपात करता येणार नाही, अशी अट त्या दुरुस्तीतच घातलेली होती.