टेपवाले साहेब

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या गावात एक सरकारी जीप यायची. गाव पारनेर तालुक्यातलं. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, आणि बोलताना आमच्यासाठी कायम नुसतं 'नगर'. जीपमधून एक साहेब उतरायचे, शेजारच्या विहिरीत टेप सोडायचे, वहीत आकडा लिहायचे आणि निघून जायचे. आम्हा पोरांना वाटायचं, हे विहीर विकत घेणार! पाणी काढत नाहीत, पीत नाहीत, नुसतं मोजतात. हा काय जॉब झाला?

मागच्या महिन्यात दादांचा (म्हणजे वडिलांचा) फोन आला. चौथा बोअर घ्यायचा म्हणत होते. आधीचे तिन्ही फेल. २०१९ च्या उन्हाळ्यातला शेवटचा तर साडेचारशे फुटांपर्यंत नेला, आणि रात्री दोन वाजेपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पैसे मीच पाठवणार होतो, म्हणून म्हटलं आधी थोडं वाचून बघू. वाचता वाचता ते टेपवाले साहेब पुन्हा भेटले.

ते होते 'भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणे'चे. राज्य सरकारची ही यंत्रणा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभी राहिली. तो काळ आठवा, म्हणजे आजीने सांगितलेला आठवा. १९७२ चा दुष्काळ, खडी फोडायची कामं, सुकडी. तेव्हा प्रश्न एकच होता, प्यायला पाणी कुठे लागेल? हवेच्या दाबावर कठीण खडक फोडणारी रिग मशीन्स याच सुमारास खेडोपाडी पोचू लागली. भूवैज्ञानिकाचं काम होतं जागा दाखवायची. पाणी लागलं की गाव साहेबांना नारळ द्यायचं.

पण आपला महाराष्ट्र बहुतेक सगळा बसॉल्टवर बसलाय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. वाळूत पाणी मुरतं तसं यात मुरत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जेवढी जागा, तेवढंच पाणी. अंदाज करताना भूवैज्ञानिक झिजलेल्या बसॉल्टसाठी साधारण २ टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टरखालची पातळी एक मीटरने वाढली, तर जमिनीत पाणी आलं फक्त २०० घनमीटर, दोन लाख लिटर. टँकरच्या हिशोबात वीस टँकर! विहिरीत डोकावताना जे भरपूर वाटतं, ते एवढंसंच असतं.

आता टेपचं कोडं सुटतं. राज्यात दीड हजारांवर पाणलोट आणि त्यांत सुमारे चार हजार निरीक्षण विहिरी. पावसाळा संपल्यावरची पातळी आणि मेमधली पातळी, यांतल्या फरकावरून किती पाणी मुरलं ते काढायचं. उपसा किती झाला ते वेगळं मोजायचं. मग पाणलोटाला शेरा मिळतो. उपसा भरण्याच्या ७० टक्क्यांच्या आत असला तर सुरक्षित, १०० च्या वर गेला तर अतिशोषित. १९८४, १९९७ आणि २०१५ साली पद्धत सुधारत गेली, पण मुळाशी तीच टेप.

आणि इथे गंमत झाली. (गंमत म्हणायची एक पद्धत.) ज्या माणसाला 'इथे खणा' सांगायला नेमलं होतं, त्याच्यावर वीस वर्षांत 'आता खणू नका' सांगायची वेळ आली. १९९३ चा कायदा म्हणाला, सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नको. २००९ चा कायदा २०१४ मध्ये लागू झाला, त्याने ६० मीटरच्या खाली गेलेल्या विहिरीला 'खोल विहीर' म्हटलं आणि अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ती बंद केली. पण भूवैज्ञानिकाच्या हातात काय? सल्ला. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला रीड ॲक्सेस आहे, राइट ॲक्सेस नाही. पाणाड्या नारळ हातावर धरून सांगतो 'इथे आहे', साहेब सांगतात 'नाही'. लोक कोणाचं ऐकणार?

मग कुठेच ऐकलं नाही का? ऐकलं. आमच्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारला. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. चर, बंधारे, झाडं हे सगळं आपल्याला माहीत असतं. त्याहून कठीण काम वेगळं होतं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद, आणि दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. गावाचं क्षेत्र साधारण ९७७ हेक्टर. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ ९८ कोटी लिटर पाणी गावावर पडलं. त्यातलं वाहून किती गेलं, उडून किती गेलं, मुरलं किती? आधी माणसं आणि जनावरं, मग उरेल त्यावर रब्बीचं ठरतं. या हिशोबाला भूजल यंत्रणेच्या नगर कार्यालयाची मदत झाली. आकडा तोच, टेप तीच. फरक एवढाच की आकडा फाइलमध्ये न जाता चावडीवर आला.

हे सगळं मी दादांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, आपण नाही घेतला तर शेजारचा घेईल. पाणी तिकडं जाईल."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण ते चूक बोलत नव्हते. एकट्याने थांबणारा खरंच कोरडा राहतो. हिवरे बाजार थांबलं ते सगळे एकदम थांबले म्हणून. आणि आपण तरी काय वेगळं करतो? सोसायटीचा बोअर आटला की टँकरचे पैसे मेंटेनन्समध्ये भरतो, तो टँकर कुठल्या विहिरीतून आला हे विचारत नाही.

असो. पैसे मी अजून पाठवलेले नाहीत. पुढच्या ग्रामसभेला दादांबरोबर जायचं ठरवलंय. आमच्या गावच्या त्या विहिरीचे इतक्या वर्षांचे आकडे मागून घेऊन. कोणी ऐकेल न ऐकेल, पण निदान ते साहेब काय लिहून नेत होते, हे एकदा गावाला वाचून तरी दाखवू.