विशेष शिक्षणातील पीएचडीचा लौकिक : मानखुर्द ते लंडन

१/ ट्रॉम्बे म्हटले की अणुभट्टी आठवते. परंतु याच जुन्या बेटावर, मानखुर्द येथे, १९४१ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटीने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासगृह उघडले. तेव्हाचा शब्द ‘मेंटली डिफिशियंट’. आज तो बोचतो. देशातील अशा आरंभीच्या संस्थांत त्याची गणना होते.

२/ १९४४ मध्ये वकील दांपत्याची शाळा मुंबईतच सुरू झाली. म्हणजे येथे आधी शाळा आल्या. विद्यापीठीय संशोधन फार नंतर.

३/ अमेरिकेत क्रम वेगळा पडला. १९५८ च्या एका संघीय कायद्याने अशा मुलांच्या शिक्षकांना घडवणारे प्राध्यापक तयार करण्यासाठी विद्यापीठांना निधी दिला. पीबॉडी, इलिनॉय यांसारख्या ठिकाणांहून पीएचडी घेतलेले लोक इतरत्र विभागप्रमुख झाले आणि आपल्या गुरुकुलाचे नाव सोबत घेऊन गेले. आज तेथील ‘यू.एस. न्यूज’ची विशेष शिक्षणाची क्रमवारी अधिष्ठात्यांना मते विचारून ठरते. लौकिक विचारून लौकिक मोजायचा, असा हा प्रकार!

४/ आपल्याकडे २०१६ पासून एनआयआरएफ आहे. त्यात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र वर्गच नाही. १९९२ च्या कायद्याने आलेली भारतीय पुनर्वास परिषद शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक्रम तपासते. पीएचडी मात्र विद्यापीठाच्या नियमांनी चालते. त्यामुळे एसएनडीटीच्या जुहू आवारातील विभागासारख्या ठिकाणी प्रवेश घेणारा विद्यार्थी आधी मार्गदर्शकाचे नाव पाहतो, आणि त्यांच्या शब्दावर कोणत्या शाळेचे दार उघडेल, हेही. वर्गात प्रवेशच नसेल, तर प्रबंध प्रश्नावल्यांवर भागवावा लागतो.

५/ आता मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापली. अनेक वर्षे मुलांसोबत काम केल्यावर त्यांनी पीएचडी केली. विषय होता, अंगणवाडी योजनेतून अपंग मुले कशी वगळली गेली. प्रश्न इथल्या अंगणवाडीचा, अनुभव मुंबईतल्या वर्गाचा. पदवी मात्र लंडन विद्यापीठाची.

६/ अलूर यांची निवड समजण्याजोगी आहे. पण त्या प्रबंधाचा मान लंडनच्या खात्यावर जमा झाला, आणि मानखुर्दच्या निवासगृहाचे नाव आज ट्रॉम्बेतल्या किती जणांना ठाऊक आहे?