चार्जिंगवर जळलेल्या ४०७ कॅलरी

दिवाळीला कुहीला घरी गेलो होतो. रात्री फिटनेसचं घड्याळ काढून फ्रिजवर चार्जिंगला लावलं. सकाळी सहाला बाबांनी ते उचललं, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे रातभर चार्जिंगले होतं न बे? मंग ह्या ४०७ कॅलरी कोनं जायल्या? फ्रिजनं?"

बाबांना शुगर आहे, त्यामुळे कॅलरी हा शब्द आमच्या घरात नवा नाही. उत्तर द्यायला गेलो आणि अडकलो. मग गणित करून बघितलं. मध्यरात्रीपासून सहा तासांत ४०७, म्हणजे चोवीस तासांत १६२८. माझं वजन ७० किलो, उंची १७० सेंटीमीटर, वय २८. वजनाची दहापट, अधिक उंचीची सव्वासहापट, वजा वयाची पाचपट, अधिक ५. उत्तर १६२७.५! म्हणजे घड्याळाने काही मोजलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मी जो फॉर्म भरला, त्यावरून एक आकडा काढून ते तासातासाला वाटत बसलं होतं.

हे समीकरण मिफ्लिन-सेंट जिओर यांचं. १९९० साली ४९८ निरोगी अमेरिकनांवरून बनवलेलं. त्याच्या आधी ७० वर्षं राज्य केलं ते हॅरिस-बेनेडिक्टने. बॉस्टनच्या कार्नेगी न्यूट्रिशन लॅबोरेटरीत १३६ पुरुष आणि १०३ बायका मोजून १९१९ साली छापलेलं. कॉम्प्युटर नसताना या लोकांनी रिग्रेशन केलं, त्याला खरंच सलाम.

पण मोजलं म्हणजे काय? रात्रभर उपाशी माणसाला सकाळी जागा पण निपचित पडवून ठेवायचं, त्याचा श्वास गोळा करायचा आणि किती ऑक्सिजन वापरला ते काढायचं. एक लिटर ऑक्सिजनमागे साधारण ४.८ कॅलरी. माझे १६२८ खरे असतील तर मी मिनिटाला जेमतेम पाव लिटर ऑक्सिजन वापरतो. मनगटावरचा हिरवा दिवा यातलं काहीही बघू शकत नाही.

आता गंमत बघा. आपल्याकडे हे मोजून झालं होतं! बेनेडिक्टनेच मद्रासच्या एलिनर मेसनबरोबर दक्षिण भारतीय स्त्रियांचे आकडे १९३१ मध्ये छापले, ते अमेरिकन अंदाजापेक्षा बरेच कमी होते. १९३९ मध्ये मुंबईत नियोगी, पटवर्धन आणि मॉर्डेकाय यांनी मुंबईकरांचं बेसल मेटाबॉलिझम मोजलं. त्याच वर्षी हाफकिनच्या सोखींनी मालंडकरांसोबत मुंबईतल्या मुलामुलींचं. यातले पटवर्धन पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुख झाले. शाळेत आपल्याला लॅव्हॉयझिए शिकवतात, पटवर्धन नाही. असो.

१९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटना वगैरेंनी सगळ्या जगासाठी समीकरणं काढली. त्यामागच्या ७,१७३ लोकांपैकी ३,३८८, म्हणजे जवळपास निम्मे, इटालियन होते. त्यातही सैनिक, खाणकामगार, मजूर असे दणकट लोक बरेच. त्या हिशोबाने माझा आकडा १,७५० येतो. आपल्या आयसीएमआरने १९८९ मध्ये भारतीयांसाठी त्यातून सरळ ५ टक्के कापले.

पाचच टक्के का? आणि मुळात कमी का? बरीच वर्षं लोक उष्ण हवामानाला, वंशाला दोष देत राहिले. मग बंगळुरूच्या सेंट जॉन्समधून आलेल्या सोआरेस, शेट्टी मंडळींनी भारतीय आणि ऑस्ट्रेलियन लोकांची तुलना केली. चरबी वजा करून उरलेल्या शरीराशी हिशोब लावला तर फरकच उरला नाही (१९९८). म्हणजे आपलं इंजिन वेगळं नाही, इंजिन लहान आणि डिकीत सामान जास्त!

याचा सगळ्यात भारी पुरावा पुण्यातला. केईएमचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा २००४ सालचा लॅन्सेटमधला फोटो जरूर शोधून बघा. दोघांचा बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. घड्याळाला दोघांत वयाचा आणि उंचीचा काय तो फरक दिसेल.

हे सगळं मी ज्ञान पाजळायला वाचलं नाही. गेल्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीए१सी ६.१ आलं. मधुमेहाची आधीची पायरी. बीएमआय २४.२, म्हणजे जगाच्या तक्त्यात नॉर्मल, भारतीय तक्त्यात नाही. तेव्हापासून घड्याळाच्या आकड्याएवढं मोजून खात होतो, तरी वजन हलेना. मला वाटायचं आपणच कुठेतरी तर्री-पोहे लिहायला विसरतोय. मग डेक्सा स्कॅन केला. चरबी ३० टक्के! म्हणजे बिनचरबीचं शरीर ४९ किलो. हे वजन धरणारं कॅच-मॅकआर्डल नावाचं एक समीकरण आहे, त्यात टाकलं तर १,४२८. तोही अंदाजच, पण घड्याळापेक्षा २०० ने कमी. रोजच्या दोन पोळ्या.

घड्याळात चरबीचा रकाना नाही. मग एक हॅक केला. वयाच्या प्रत्येक वर्षामागे ५ कॅलरी कमी होतात, तर २०० साठी ४० वर्षं. सेटिंगमध्ये वय ६८ टाकलं. आता जरा पळालो की ते माझ्या हृदयाच्या काळजीने थरथरतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आता तू माह्याहून पाच वर्षानं मोठा? मंग सकाळी फिराले तूच मले उठवत जा."