राजा मागे, भीम पुढे

छत्तीसगढमधल्या भिलाईच्या आसपासच्या गावांत पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेली पांडवांची कथा, रंगू लागली की धर्मराजाच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. तो द्यूतात हरतो, मान खाली घालतो आणि कथेच्या कडेला सरकतो. बाकी सगळा कारभार भीमाचा. बकासुर, जरासंध, कीचक, दुःशासन एकेक करून त्याच्या हातात सापडतात आणि मंडळी सरसावून बसतात. ज्याच्या सिंहासनासाठी एवढं युद्ध झालं तो बाजूला, आणि खादाड, तापट, दांडगा भाऊ नायक!

या निवडीचं कूळ शोधत गेलं की आपण गोंडांच्या अंगणात पोचतो. परधान हे गोंडांचे भाट. यजमानाच्या घरी जाऊन तंतुवाद्यावर त्याच्या कुळाच्या आणि देवांच्या गाथा गायच्या, दान घ्यायचं, हा त्यांचा पिढीजात हक्क. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांचे सहकारी शामराव हिवाळे यांनी १९४६ साली नर्मदाखोऱ्यातल्या परधानांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे ते फारसं कुणी वाचत नाही. आता गोंडांच्या घरी भीम हा नुसता महाभारतातला वीर नव्हे, तो देवच आहे. पाऊस त्याच्याकडे मागायचा. नागपूर जिल्ह्यात पारशिवनीकडे कुंवारा भिवसनाचं ठाणं आहे, ते याच देवाचं. पांडवांची कथा या मुलखात आली आणि परधान ती गाऊ लागले तेव्हा नायकाची जागा अशी आधीच भरलेली होती.

दूरच्या युरोपातही असाच एक दांडगा आहे. ‘बेवुल्फ’ हे ३१८२ ओळींचं जुन्या इंग्रजीतलं काव्य; त्याची एकुलती हस्तलिखित प्रत साधारण इसवी सन १०००ची. डेन राजाच्या महालात रात्री येऊन माणसं खाणाऱ्या ग्रेंडेलशी बेवुल्फ निःशस्त्र झुंजतो आणि त्याचा हात खांद्यातून उपटतो. बकासुराची आठवण यावी असाच प्रसंग. पण त्या जर्मानिक जगात शौर्याला राजाचा महाल लागतो. राजा सोन्याची कडी वाटतो, योद्धा ते ऋण प्राण देऊन फेडतो, आणि गाणारा कवीही त्याच महालात बसलेला असतो. बेवुल्फ पुढे स्वतः राजा होतो, पन्नास वर्षं राज्य करतो आणि म्हातारपणी अग्निसर्पाशी लढताना मरतो. मागे वारस नाही. प्रजा शत्रूंच्या तोंडी. वीराची हौस राजाला परवडत नाही, हे त्या कवीला चांगलं कळलेलं दिसतं.

आपला पोवाडा या महालाच्या जवळचा. शाहीर अज्ञानदासाने अफजलखानवध गायला आणि त्याला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, असं सांगतात. पंडवानी मात्र यजमानाच्या दारातून उठून गावच्या चौकात आली. सगळा गावच आश्रयदाता झाल्यावर राजाला खूष ठेवण्याचं कारण उरलं नाही, आणि भीम आणखी मोठा झाला, असं मला वाटतं.

चौकात पंडवानीच्या दोन शाखा झाल्या. वेदमती गायक बसून, सबलसिंह चौहानांच्या हिंदी महाभारताला धरून गातो. दुर्ग भागातले झाडूराम देवांगन या शाखेतलं मोठं नाव. कापालिक गायक उभा राहतो, स्मरणातून गातो आणि मनाला येईल तिथे कथा फुलवतो. सोबतीला रागी असतो. आपल्या झीलकऱ्यासारखा, पण तो नुसतं ध्रुपद धरत नाही, मध्येच प्रश्न विचारतो, हुंकार देतो.

उभं राहून गाणं हे पुरुषांचं काम मानलं जाई. भिलाईजवळच्या गनियारी गावात १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाईंनी ही रीत मोडली. पारधी समाजातल्या या मुलीने आजोबांकडून कथा ऐकल्या, तेराव्या वर्षी पहिला जाहीर कार्यक्रम केला, आणि गाण्यापायी समाजाबाहेर टाकलं जाणंही सोसलं. त्यांच्या हातातला तंबुरा पाहायलाच हवा: आत्ता वाद्य, पुढच्या क्षणी खांद्यावर चढून गदा. नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांना हेरलं, श्याम बेनेगल यांनी ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेत दाखवलं. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली.

तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण मिळालं. २०२३ साली भिलाईच्याच उषा बारले यांना पद्मश्री मिळाली, त्याही कापालिक शाखेच्या. पंडवानी ऐकायची असेल तर सुरुवात दुःशासनवधापासून करा. छत्तीसगढी येत नसली तरी काही अडत नाही.