पोरींची आवड कुणी लिहून ठेवली?

इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आठवतात, सत्याग्रह आठवतो, गिरणी कामगारांचा संप आठवतो. आज मी वेगळ्याच गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला एखादा गाणारा वेड्यासारखा आवडतो ना, त्या आवडीचा. तुम्ही म्हणाल, ही घरात ओरडा खायची गोष्ट, ती इतिहासात कुठे आली? शेवटपर्यंत ऐका आणि मग ठरवा.

माझं माहेर मुंबईतल्या शिवडीचं. एका अंगाला खाडी आणि बंदराची गोदामं, दुसऱ्या अंगाला गिरण्या आणि बीडीडी चाळी. आता तिथूनच अटल सेतू सुरू होतो. आमच्या चाळीत साताऱ्याची, रत्नागिरीची, रायगडची माणसं. त्या चाळीत राहून मला इंग्लंडमधला एक बँड आवडायचा. बँड म्हणजे लग्नातला नव्हे, चार-पाच जणांचा गाणारा-वाजवणारा संच. त्याचं नाव क्वीन, म्हणजे राणी. नाव राणीचं आणि गाणारे चौघेही पुरुष!

हा बँड ज्या काळात पुढे आला, त्या काळात इंग्लंडात ग्लॅम रॉक नावाच्या गाण्यांची लाट होती. रॉक म्हणजे गिटार आणि ड्रमचं जोरकस गाणं. ग्लॅम म्हणजे झगमग. १९७१ साली मार्क बोलन नावाचा गायक डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवर आला. १९७२ साली डेव्हिड बोवी केस लालभडक करून, रंगीबेरंगी कपडे घालून आला. पुरुषांनी काजळ लावायचं, उंच टाचांचे बूट घालायचे, चमचमते झगे घालायचे. घरातली मोठी माणसं टीव्हीसमोर बसून चिडायची आणि शाळकरी मुली त्याच गाणाऱ्यांची चित्रं कापून भिंतीला लावायच्या.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे बालगंधर्व होऊन गेले. १८८८ साली जन्मलेले नारायण श्रीपाद राजहंस. चांगल्या घरच्या बाईने रंगभूमीवर येऊ नये असं समाजाचं म्हणणं, म्हणून बाईचं काम पुरुषच करायचे. बालगंधर्व ‘मानापमान’मध्ये भामिनी झाले, ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी झाले, ‘एकच प्याला’मध्ये सिंधू झाले. त्यांचे शालू, त्यांचे दागिने, त्यांची केसात फुलं माळायची तऱ्हा बघून घरोघरच्या बायका तसं नेसायला, तसं माळायला लागल्या. बाईने कसं नटावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! नाटक कंपनीचा इतिहास लिहिला गेला, त्यात नाटककार आले, पेटीवाले आले, कंपनीचं कर्ज आलं. पण प्रेक्षकांत बसून ते सगळं डोळ्यात साठवणारी, घरी येऊन आरशासमोर पदर तसा घेऊन बघणारी पोर कोण होती, तिचं नाव काय, हे शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही.

आता क्वीनकडे येते, कारण त्याचा मुख्य गायक आपल्या सातारा जिल्ह्यात शिकला होता. त्याचं खरं नाव फारुख बुलसारा. पारशी घरातला मुलगा. १९४६ साली आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर जन्मला. वडील तिथे सरकारी नोकरीत. आठ वर्षांचा असताना त्याला शिकायला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवलं. सुट्टीत तो मुंबईच्या नातेवाइकांकडे यायचा. पाचगणीत तो पियानो शिकला. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच पियानोवर वाजवून दाखवायचा, असं त्याचे तेव्हाचे मित्र सांगत आले. बारा वर्षांचा असेल-नसेल, तेव्हा पाच जणांनी मिळून शाळेत बँड काढला, ‘द हेक्टिक्स’. शाळेच्या कार्यक्रमात ते वाजवायचे आणि शेजारच्या मुलींच्या शाळेतल्या पोरी समोर उभ्या राहून ओरडायच्या.

म्हणजे बघा, पुढे साऱ्या जगाने ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून डोक्यावर घेतलं, त्याचं गाणं आधी ऐकलं ते पाचगणीच्या शाळकरी पोरींनी. त्या बँडमधल्या पाचही मुलांची नावं पुस्तकांत छापलेली आहेत. पुढे कोण नट झाला, कोण नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, तेही लिहिलेलं आहे. समोर ओरडणाऱ्या पोरी मात्र बहुतेक ठिकाणी नुसत्या ‘मुली’ आहेत. त्यांच्यातली एखादी आज ऐंशीच्या घरातली आजी असेल.

पाचगणीला रेडिओवर गाणी यायची तशी ती शिवडीलाही यायची. १९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटायची. आकाशवाणीवरची ती गाणी कमी होत होत जवळजवळ बंद झाली. मग लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे फिरवला. त्याच वर्षी तिथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. शेवटी १९५७ साली सरकारला विविध भारती काढावी लागली. मंत्र्याने बंद केलेली गाणी ऐकणाऱ्यांनी परत आणली म्हणायची!

त्या काळात चाळीत घरोघरी रेडिओ नव्हता. ज्याच्याकडे असेल त्याने आवाज मोठा केला की गॅलरीतल्या सगळ्यांचं ऐकणं व्हायचं. पोरी कळशी, धुणं घेऊन तिथेच रेंगाळायच्या. आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी मला सांगितलं होतं, की त्या मुंबई केंद्रावरच्या ‘आपली आवड’ला पत्र पाठवून गाण्याची फर्माईश करायच्या, पण पत्राखाली नाव भावाचं घालायच्या. मुलीचं नाव रेडिओवर वाचलं गेलं तर घरात काय झालं असतं! गाणं लागलं की चाळीतले लोक भावाच्या पाठीवर थाप मारायचे. आवड आजींची आणि नाव भावाचं. मला वाटतं, पोरींच्या आवडीचा सगळा इतिहास या एका गोष्टीत आला.

पुढे १९८० साली ‘कुर्बानी’ आला. त्यातलं गाजलेलं गाणं गाणारी नाझिया हसन तेव्हा फक्त पंधरा वर्षांची होती. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी ‘डिस्को डान्सर’ लागला. घरात पगार नाही आणि पडद्यावर मिथुन चमचमते कपडे घालून नाचतोय. गिरणगावातल्या पोरापोरींनी त्याला जीव लावला. हाताशी काही नसलं की माणूस झगमगीकडे बघतो, त्यात हसण्यासारखं काय आहे?

तोवर फारुख फार पुढे गेला होता. झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि १९६४ साली बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेलं. १९७० साली क्वीन तयार झाला. १९७५ साली त्यांनी जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं काढलं. एवढं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं जाणकार म्हणाले, आणि ते नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. तेही ऐकणाऱ्यांनीच ठरवलं.

१९७७ साली त्यांनी आणखी एक गाणं केलं. त्याच्या आधी एका कार्यक्रमात बँडचं वाजवणं संपलं तरी लोक थांबेनात, तेच गायला लागले. बँडमधल्या ब्रायन मेच्या मनात आलं, या लोकांनाच वाजवायला दिलं तर? गर्दीत उभ्या माणसाला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी वाजवता येईल. म्हणून त्या गाण्यात बराच वेळ दुसरं वाद्यच नाही. दोनदा पाय, एकदा टाळी. धप धप टाळी, धप धप टाळी. आता बसल्या जागी करून बघा. आपल्या फुगडीत, मंगळागौरीच्या खेळात पायाने ठेका धरतो तसंच. रेकॉर्ड करताना लाकडी फळ्यांवर पाय आपटून तो आवाज काढला होता.

मला क्वीन भेटला तो याच गाण्यातून, शेजारच्या दादाच्या कॅसेटवर. इंग्रजी कळत नव्हतं, आणि बी.ए. झाले तरी त्यातले निम्मे शब्द कळले नाहीत. पण पायांना कळायचं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तर माझ्याहून वेडी. तिने गणिताच्या वहीत आतल्या बाजूला फ्रेडीचा फोटो चिकटवला होता. तो माणूस १९९१ सालीच एड्सने वारला होता, हे तिलाही माहीत होतं. नववीत असताना घरी ती वही सापडली. परक्या पुरुषाचा फोटो मिळाला, पोरगी हाताबाहेर गेली, असं ठरलं. तिची शाळा बंद झाली, तिला गावी पाठवलं आणि अठरा व्हायच्या आत तिचं लग्न झालं. वर्गात गणितात पहिली यायची ती. इंग्लंडात गेलेल्या आणि मेलेल्या माणसाच्या कागदी फोटोपायी तिची शाळा गेली.

भीती त्या फोटोची नव्हती. या पोरीला स्वतःचं असं काही आवडतं, आम्हाला न विचारता आवडतं, याची होती. आज गाणं आवडलं, उद्या शिकणं आवडेल, परवा मुलगा नको म्हणेल.

आज कॅसेट गेली आणि मोबाइल आला. गटाच्या बैठकीत मी हेच ऐकते, “ताई, पोरगी सारखी गाणी ऐकते, फोन काढून घेतला.” काळजी खोटी नाही. फोनवर फसवणारे असतात, फोटो मागणारे असतात. ते मुलीला स्पष्ट सांगायला हवंच. पण गाणं ऐकणं आणि फसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिच्याजवळ बसा, म्हणा, “लाव बघू तुझं गाणं.” कान किटले तरी एक गाणं पूर्ण ऐका. जी पोर आईला आपलं आवडतं गाणं ऐकवू शकते, तिला कुणी त्रास दिला तर तेही ती आईलाच सांगेल. आणि कुठे अशा कारणाने पोरीची शाळा सोडवून लग्न ठरवत असतील, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. त्यावर फोन करता येतो.

एक काम देते. पुढच्या बैठकीत हप्ते, कर्ज, इतिवृत्त झालं की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं, पंधराव्या वर्षी मला कोण आवडायचं. कुणी तमाशातली गाणारी सांगेल, कुणी राजेश खन्ना, कुणी गावच्या भजनातला पखवाजवाला. जिला लिहिता येतं तिने वहीत लिहून घ्यायचं, आणि समोर त्या बाईचं स्वतःचं नाव घालायचं. भावाचं नाही, नवऱ्याचं नाही. वही भरली की मला कळवा. त्यातली नावं आपण याच रेडिओवर वाचू.

येते मी. नमस्कार.