बालवीर आणि वीरबाला

१९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा त्या हजारो मुलांत काही मुलीही अनाहूतपणे येऊन उभ्या राहिल्या. आपणही स्काउटच आहोत, असा त्यांचा दावा होता; आणि तो खोटा नव्हता. बेडन-पॉवेल यांचे पुस्तक वाचून त्यांनी आपली पथके स्वतःच उभारली होती. हे क्षेत्र मुलींना कोणी दान दिलेले नाही, म्हणून आम्हांस हा प्रसंग मोलाचा वाटतो.

दान मिळाले ते निराळेच. मुलींनी रानोमाळ भटकावे, हे तत्कालीन इंग्रज समाजास रुचेना. १९१० मध्ये बेडन-पॉवेल यांनी त्यांची वेगळी संस्था भगिनी ॲग्नेस यांच्या हाती सोपविली, आणि १९१२ च्या पुस्तकात तंबूच्या जोडीला गृहकृत्ये व शुश्रूषा आली. मुलांच्या टोळ्यांना पशूंची नावे, मुलींच्या टोळ्यांना फुलांची! मात्र टोळीतलीच एक मुलगी नायिका, ही घडण कायम राहिली. शिवाय संस्थेची सूत्रे स्त्रियांच्याच हाती आली, हा लाभ लहान नव्हे.

हिंदुस्थानात मुलींचे पहिले पथक १९११ साली जबलपुरास निघाले. १९५० मध्ये भारत स्काउट्स अँड गाइड्स ही संस्था स्थापन झाली. १९५१ मध्ये मुलींची संस्थाही तीत मिळाली. राष्ट्रपती पुरस्कारापर्यंतची वाट आज दोघांसही खुली आहे. तरी लहान मुलगा तेथे 'कब', म्हणजे लांडग्याचा बच्चा, आणि मुलगी 'बुलबुल'. रात्रीच्या शिबिराचे संमतिपत्र घरी आले, की मुलाच्या कागदावर सही तत्काळ होते. मुलीच्या कागदावर आधी घरभर खल चालतो. आमच्याही घरी तो झालेला आहे.